पांढऱ्या घारींचा माळ

आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते इंदूकाकूंचे. नात्याने त्या माझ्या कोणी नाहीत. सोलापूरकडच्या एका छोट्या गावातून मी साताऱ्याला कॉलेजात आलो, तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. साताऱ्यात काकूंची खाणावळ होती. त्यांचे यजमान फौजेत होते. ते गेल्यावर काकूंनी चूल मोठी केली आणि आमच्यासारख्या मुलांना जेवू घालू लागल्या. पहिल्याच वर्षी मी इंग्रजीत नापास झालो आणि वळकटी बांधून गावी निघालो. काकूंनी ती वळकटी माझ्या हातातून घेतली, सोडली, भिंतीशी अंथरली आणि म्हणाल्या, "आता रात्रीचा कुठं जातोस? सकाळी जा." ती सकाळ मला पदवी मिळेपर्यंत उगवली नाही.

संध्याकाळी त्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायच्या आणि मी शेजारी पुस्तक घेऊन बसायचो. तेव्हा त्या माहेरच्या माळाबद्दल बोलायच्या. रहिमतपूरच्या पुढे त्यांच्या वडिलांचा, आबांचा, एक गवताळ माळ होता. थंडीत दिवस मावळताना तिथे पांढऱ्या घारी यायच्या. "घारी म्हणजे आपल्या घारी न्हवं. पांढऱ्या. धुतल्यासारख्या. गवतावरनं अशा जायच्या जसं कुणी कायतरी हरवलेलं हुडकतंय. आन मग एकेक करून गवतातच उतरायच्या, निजायला." झाडावर न बसता जमिनीवर निजणारी घार मला तेव्हा काकूंच्या बालपणातली गोष्ट वाटायची. पुढे नाशिकला नोकरी लागली, पगारातून एक दुर्बीण घेतली, पक्ष्यांची पुस्तकं चाळू लागलो, आणि एका पानावर काकूंची घार मला भेटली. तिचं पुस्तकातलं नाव भोवत्या. फार लांबून, हिमालयापलीकडच्या गवताळ मुलखातून ती थंडीत आपल्याकडे येते आणि रात्री खरोखरच उंच गवतात जमिनीवर निजते.

गेल्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा काकूंनी मला समोर बसवलं. आता त्यांचे गुडघे गेले आहेत, कानांनाही कमी ऐकू येतं. म्हणाल्या, "बापूला माझी सही पाहिजे. हक्कसोडाची."

आमच्याकडेही हीच रीत आहे. वडील गेले की बहिणींची नावं सातबाऱ्यावर लागतात आणि मग बहिणी कचेरीत जाऊन भावाच्या नावे हक्क सोडून देतात. जी सोडते तिचं माहेर टिकतं. जी सोडत नाही, तिला दिवाळीचं बोलावणं येत नाही. काकूंच्या धाकट्या बहिणीने कधीच सही केली होती. काकूंची राहिली होती, कारण कोणी मागितलीच नव्हती. आता कालव्याचं पाणी माळापर्यंत आलं होतं आणि काकूंच्या धाकट्या भावाला, बापूंना, माळ सपाट करून ऊस लावायचा होता.

"मला जमीन नको रे," काकू म्हणाल्या. "बागायत सगळी त्यालाच. पर माळावर अजून पांढऱ्या घारी उतरत असतील, तर मी सही करणार न्हाई. माहेर गेलं तर जाऊ दे. आन उतरत नसतील, तर उद्या करते. मला चालवत न्हाई. तू जाऊन बघ. दिसंल ते सांग, माझ्या मनासारखं सांगू नको."

म्हणून मी गेलो.

रहिमतपूरच्या पुढे

जानेवारी होता. कोरेगाव मागे पडलं तसं धुकं उसाच्या वर तरंगू लागलं. उसाला तुरे आले होते, आणि धुक्यात नुसते तुरेच दिसत होते, खालचा ऊस नाही. जणू पाण्यावर कोणीतरी चवऱ्या धरून उभं होतं. कुठेतरी गुऱ्हाळ चालू होतं. उकळत्या रसाचा वास एसटीच्या फुटक्या खिडकीतून आत आला आणि सगळी गाडी थोडा वेळ गप्प झाली. तारेवर वेडे राघू एकमेकांना चिकटून बसले होते, थंडीत पोरं शेकोटीला बसतात तसे.

रहिमतपूरच्या स्टँडवर बापूंचा मुलगा संतोष मोटारसायकल घेऊन आला होता. फौजेत नोकरी करून नुकताच घरी परतलेला, ताठ कण्याचा, हसरा माणूस. त्याने आधी माझ्या दुर्बिणीकडे पाहिलं.

"कितीची पॉवर?"

मी सांगितली.

"आमच्याकडं चौकीवर याच्या चौपट हुती. पर तवा पाखरं बघायची आर्डर नव्हती."

घर गावाबाहेर, शेतातच. बापू अंगणात उभे होते. साठी ओलांडलेले, मोठ्या मिशांचे. आमच्याकडे पाहुणा आला की आधी विचारपूस होते, मग पाणी येतं. इथे पाण्याचा तांब्या आधी हातात आला आणि ते प्यायच्या आत बापूंनी मुद्द्यालाच हात घातला.

"या सायेब. आक्काचं वकील आलं म्हणायचं."

"वकील नाही हो. बघायला आलोय फक्त."

"आवं, सही पाखरांवर ठिवलीया तिनं! तलाठ्याला सांगितलं तर त्यो खुर्चीवरनं पडंल." ते मोठ्याने हसले, पण हसणं संपल्यावर चेहरा तसाच राहिला नाही. "पाखरू बघा, निवांत बघा. तुमी आक्काच्या घरचं, म्हंजी आमच्याच घरचं. पर एक सांगतो. जन्मभर मी आभाळाकडं बघितलंय. आता कुठं पाणी बांधाला लागलंय. शेजारच्याचं हिरवं हाय आन आमचं कुसळाचं. ह्ये बी दुर्बिणीतनं बघा."

मी मान डोलावली. ते खोटं बोलत नव्हते. बांधापलीकडे शेजाऱ्याचा ऊस काळाभोर उभा होता आणि त्यात कालव्याचं पाणी उन्हात चमकत होतं.

जेवायला बापूंच्या पत्नी शालनकाकींनी वाघ्या घेवड्याची आमटी केली होती. त्या डाळिंबी ठिपक्यांच्या घेवड्याबद्दल ऐकलं होतं, खाल्ला पहिल्यांदाच. भाकरी चुरून आमटीत कालवली, वर हिरव्या मिरचीचा खरडा घेतला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "सोलापूरचं न्हवं का तुमी?" संतोष म्हणाला. "तिकडं तर लय तिखट खात्यात म्हणं." मी म्हणालो, आमच्याकडे चटणी कोरडी असते, ती हळूहळू सांगून चढते, तुमची न सांगता चढते. शालनकाकी आतून हसल्या आणि दह्याची वाटी पुढे सरकली.

दुपारी एकटाच माळावर गेलो. माळ म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जमीन हळूच वर चढते आणि मग तिला कुठे थांबावं हे कळत नाही. वाळलेलं गवत सोन्याच्या नव्हे, जुन्या पितळेच्या रंगाचं. वारा आला की उभं गवत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं. चंडोल आभाळात जिथे दिसत नव्हता तिथून गात होता. एका दगडाला पाय फुटले आणि तो पळाला. तो दगड नव्हता, धाविक पक्षी होता. थोडं धावायचं, थांबायचं, ताठ उभं राहायचं, पुन्हा धावायचं. मी किती वेळ तिथे बसलो ते आठवत नाही. भोवत्या मात्र एकही दिसला नाही.

एक गोष्ट तेवढी लक्षात राहिली. दिवाळीनंतर सगळ्या माळाचं गवत वैरणीसाठी कापलेलं होतं, फक्त मधल्या सखल भागात एक लांब पट्टा कमरेएवढा उभा होता. बापूंना विचारलं तर म्हणाले, "आबाची पट्टी हाय ती. आबा ठिवायचं, म्हणून मी बी ठिवतो."

"का ठेवायचे?"

"इचारलं न्हाई कवा." ते थोडे ओशाळले. "कापाय घेतलं की तितं हात थांबतोय बगा."

परत आलो तेव्हा माझे मोजे कुसळांनी भरले होते. शालनकाकी एकेक कुसळ काढत म्हणाल्या, "सायेब मोजं घालून माळावर जात्यात व्हय? आमची जनावरं बी तुमच्यापरीस शानी."

हाकारा

त्या संध्याकाळी जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

आधी हुरड्याचा बेत झाला. शेणींच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसं भाजली जात होती, संतोष ती तळहातावर चोळून गरम दाणे माझ्या हातात ओतत होता. आम्ही हुरडा शेंगदाण्याच्या चटणीशी खातो. इथे गूळ आणि दही होतं. शेजारच्या ज्वारीवर भोरड्यांचा मोठा थवा आला. आभाळात कोणी धुराची चादर झटकावी तसा तो एकदा पसरायचा, एकदा आवळायचा. संतोषच्या चुलतभावाने गोफण फिरवून आवाज काढला आणि ती चादर दुसऱ्याच्या शेतावर जाऊन पडली. त्या शेतातून लगेच शिव्या ऐकू आल्या.

"बघितली पाखरं?" संतोष म्हणाला.

"बघितली. पण ती माळावरची..."

"मग चला की! तुमी दुपारभर गप बसून ऱ्हायलाय, आशानं कुठं पाखरू दिसतंय का? पाखरू उठवाय लागतं."

मला वाटलं तो गंमत करतोय. तोवर चार माणसं उभी राहिली होती. एकाच्या हातात गोफण, एकाच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी, दोन कुत्री न बोलावता पुढे. ज्वारी राखताना पाखरं हाकलायची हाच ज्यांचा पाखरांशी संबंध, त्यांना पाहुण्याला पाखरू दाखवायचं म्हणजे हेच सुचणार. "नको, नको," मी म्हणालो, पण पंगतीत कोणी आग्रहाने "आजून वाढू का?" विचारलं की आपण म्हणतो तसलं ते नको होतं. इतक्या मनापासून कोणी माझ्यासाठी काही करायला निघालेलं असताना मला घट्ट बोलता येत नाही. लहानपणापासून आलं नाही.

ऊन तिरपं झालं होतं. चौघे ओळीने आबाच्या पट्टीत शिरले. "हुर्र्या! हुर्र्या! हाऽऽ!" डबा वाजू लागला. पायांखालून लावे भुर्रकन उडाले, एक ससा कुत्र्यांच्या मधून असा गेला की दोन्ही कुत्री एकमेकांवर आपटली, आणि बापूही सगळं विसरून ओरडू लागले, "धर रं! त्यो बग! डाव्या अंगाला!" मीही हसत होतो. ते सगळं सुंदर होतं, उलट्या प्रकाशात उडणारी धूळ, गवताचे तुरे आणि माणसांच्या लांब सावल्या.

भोवत्या आला नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही उभे होतो.

"बघा," बापू घाम पुसत म्हणाले. "लावं हायत, ससा हाय. पांढऱ्या घारी न्हाईत. आबाच्या येळला आसतील. आता न्हाईत. मनात कायबी ठिवू नगा, आमी कायबी लपिवलेलं न्हाई."

खरंच लपवलेलं नव्हतं. अंथरुणावर पडल्यावर मला वाटलं, चला, उत्तर मिळालं. काकू सही करतील, त्यांचं माहेर राहील, शेत हिरवं होईल. सगळ्यांचं चांगलंच होईल. तरी झोप लागेना. कौलांतून चांदणं येत होतं आणि डोळे मिटले की ते पितळी गवत पुन्हा कुशीवर वळत होतं.

कुंडल

साताऱ्याहून निघताना काकूंनी धाकट्या बहिणीसाठी, मंदामावशींसाठी, तिळाच्या वड्या दिल्या होत्या. त्या पोचवायला दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंडलला गेलो. इकडचा मुलूख वेगळाच. द्राक्षबागांचे मांडव, हळदीच्या वाफ्यांचा ओला वास, आणि ऊस तर असा की रस्ता उसातून जातो की ऊस रस्त्यातून, कळत नाही. एका रानात तोड चालू होती. कोयत्यांच्या मागोमाग गायबगळे चालत होते, लग्नघरात पंगतीची वाट पाहणाऱ्या माणसांसारखे, अधूनमधून मान लांब करून.

मंदामावशी काकूंहून उंच आणि जास्त बोलक्या. वडीचा तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "गूळ कमी पडलाय. आक्काचा हात आता थरथरतोय व्हय?"

मी म्हणालो, थोडा थरथरतो.

त्या मला मागच्या शेतात घेऊन गेल्या. विहिरीवर एक खंड्या बसला होता, आणि त्याचा निळा रंग त्या कोंदट हिरव्यात इतका एकटा होता की आम्ही दोघं आपोआप थांबलो. मी सही करण्याबद्दल विचारलं.

"केली की. दोघी लेकी पदरात हुत्या तवा. भावानं चांगली साडी घेतली, पुरणाची पोळी केली. खोटं कशाला बोलू, दिवाळीचं बोलावणं आजून येतं. बापू वाईट न्हाई." मग म्हणाल्या, "पर पूर्वी बांधावर गेलं की चिचा तोडायचे. आता तोडाय हात वर केला की वैनी म्हणती, आवं ऱ्हाऊ द्या, पोरगा काढून दील. पाव्हणी झाले मी. तेवढंच."

मी त्यांना हाकाऱ्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं त्या हसतील. त्या कपाळाला हात लावून खाली बसल्या.

"आगं आई! डबा वाजिवला? आबाच्या पट्टीत?"

"हो."

"आबा असता तर काठी घिऊन मागं लागला असता सगळ्यांच्या. गुरं घराकडं वळली की माळावर कुणी पाय टाकायचा न्हाई, आसा नेम हुता त्येचा. आमी पोरी गेलो तर बांधाच्या आड बसवायचा. बोलायचं न्हाई. खोकायचं न्हाई. बिडी मुठीत झाकून वढायचा. म्हणायचा, माणूस दगड झाला तरच त्या उतरत्यात. न्हाईतर वरच्या वर बघून जात्यात."

"आणि पट्टी?"

"त्यांच्या निजायला न्हवं का ठिवायचा! बापूला ठावं न्हाई? त्यो लहान हुता, त्येला आई सांजच्याला बाहेर सोडायची न्हाई. दमा हुता त्येला."

म्हणजे सगळी वर्षं बापू बहिणींच्या आठवणीतला पट्टा राखत आले होते, तो कशासाठी आहे हे माहीत नसताना. मी पिशवी उचलली. मंदामावशी म्हणाल्या, "जेवून जा." मी म्हणालो, आज नको. आयुष्यात पहिल्यांदा ते घट्ट नको होतं. त्यांनी रागावून माझ्या पिशवीत द्राक्षांचे घड कोंबले. ते घरी पोचेपर्यंत निम्मे चेपले.

आबाची पट्टी

बापूंना मी सगळं सांगितलं. त्यांनी मुंडासं काढून खुंटीला अडकवलं, कारण ते पांढरं होतं, आणि म्हणाले, "संतोष, तू कुत्री बांध. आज कुणी येऊ नगा. मी आन सायेब."

आम्ही बांधाच्या आड बसलो. दगड अजून उन्हाने गरम होते. बापूंना एकदा खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी ती उपरण्यात दाबून धरली. त्यांचे डोळे लाल झाले, पण आवाज बाहेर पडला नाही. माळावरचा वारा पडला. गवत असं स्थिर झालं की त्याचं चित्र काढल्यासारखं वाटू लागलं. सूर्य डोंगराला टेकला आणि सगळ्या रंगांतला लाल थोडा थोडा खाली ओघळला.

पहिला कुठून आला ते मी पाहिलंच नाही. तो होता, एवढंच. गवताच्या शेंड्यांवरून, पंख थोडे वर उचलून, एकदाही न फडफडता. फिकट राखी, जवळजवळ पांढरा, पंखांची टोकं तेवढी शाईत बुडवल्यासारखी. तो डावीकडे कलला, उजवीकडे कलला, थांबला, पुन्हा आला. काकू म्हणाल्या होत्या तसंच, कोणीतरी हरवलेलं हुडकत होतं. मग दुसरा आला. मग तपकिरी माद्या आल्या, ज्यांच्याबद्दल काकू कधीच बोलल्या नव्हत्या. लांबून तेव्हाच्या त्या लहान मुलीच्या डोळ्यांना सगळेच पांढरे दिसले असणार. मग मी मोजणं सोडून दिलं. ते पट्टीवर घिरट्या घालत होते, एकमेकांच्या वाटा कापत होते, आणि आवाज कसलाच नव्हता. इतके पक्षी आणि इतकी शांतता मी एका जागी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, मी हे पाहत नाही, मला हे कोणीतरी सांगतंय, उंबऱ्यात बसून, मांडीवर सूप घेऊन.

एकेक करून ते उतरले. उतरताना पंख वर मिटायचे आणि गवत त्यांना आत घ्यायचं. शेवटचा बराच वेळ एकटा फिरत राहिला. तोही गेला.

मी दुर्बीण बापूंना द्यायला वळलो. त्यांना ती नको होती.

अंधार झाल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, "आता काय सांगणार आक्काला?"

"दिसलं ते."

"मग ती सही करत न्हाई."

"नाही करणार."

"सायेब, तुमी तिचं मीठ खाल्लंय. माझं बी खाल्लंय." ते रागाने बोलत नव्हते. "मी म्हणलो, कालच्या सांजचं तेवढं सांगा, आजचं नगा, तर?"

मी म्हणालो, "बापू, मला काकूंनी शिकवलं नसतं तर मला हे पुस्तकातलं पाखरू ओळखताच आलं नसतं. त्यांनाच खोटं सांगू?"

आम्ही उठलो आणि पट्टीला लांबून वळसा घालून घरी आलो. वाटेत एकदा माझा पाय वाळल्या काटकीवर पडला, तर त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही दोघं तिथेच, पुढे काही होतंय का ते ऐकत, उभे राहिलो. जेवताना शालनकाकींनी न विचारता मला तुपाची धार वाढली, बापूंनाही वाढली, आणि दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या.

काकूंना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि कागदावरचं त्या पुन्हा पुन्हा वाचतात. म्हणून साताऱ्यात न थांबता, आधी त्यांनी एकटीने वाचावं असं वाटून, मी नाशिकला पोचल्यावर मोठ्या अक्षरात हे पत्र लिहिलं.

*ती. इंदूकाकूंस शिरसाष्टांग नमस्कार.*

*काकू, उतरतात.*

*पहिल्या संध्याकाळी दिसल्या नाहीत. चूक आमची होती. आम्ही गवतात शिरून गोंधळ घातला. मंदामावशींनी आबांचा नेम सांगितला, मग दुसऱ्यांदा बांधाच्या आड गप्प बसलो, तेव्हा आल्या. तुम्ही सांगायचा तशाच आहेत. त्यांच्याबरोबर तपकिरी रंगाच्याही असतात, त्या त्यांच्या माद्या. जवळून पाहिलं तर त्याही फार देखण्या आहेत. सगळ्या पट्टीत निजल्या.*

*पट्टी बापूंनी राखली आहे. ती कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी एकाही वर्षी कापली नाही. हे तुम्हाला कळावं असं मला वाटतं.*

*बाकी जमिनीचं मी पाहिलं ते असं: पाणी खरंच बांधाला आलं आहे. बापूंनी ज्या पाण्याची वाट पाहिली ते हेच. माळ नांगरला तर त्यांच्या घरी ऊस येईल आणि पट्टी जाईल. दोन्ही खरं आहे. तुम्ही म्हणाला होतात, माझ्या मनासारखं सांगू नको, म्हणून दोन्ही लिहितो. सही करायची की नाही, हे मी सांगणारा कोण? उन्हं तापू लागली की त्या उत्तरेला जातील. त्याआधी तुम्हाला न्यायला मी येईन. बांधापर्यंत बैलगाडी जाते, संतोष म्हणाला, आक्काआत्याला खुर्चीसकट उचलून नेतो.*

*सकाळी बापू मला रहिमतपूरच्या स्टँडवर सोडायला आले. गाडी सुरू झाली तशी खिडकीशी आले आणि काचेवर हात मारला. मी काच सरकवली. म्हणाले, "आक्काला लिवताना तुमचं एकट्याचं लिवू नगा. उद्या कुणी म्हणंल, पाव्हण्यानं रचून सांगितलं. बापूनं बी बघितल्या, आसं लिवा."*

*म्हणून लिहितो. बापूंनीही बघितल्या.*

*तुमचा,*
*सुभाष*